पार्ट बदलण्याआधी

जुन्या गाडीचे हेडलाइट मिणमिणायला लागले की पुढे काय होणार ते जवळपास ठरलेलं असतं. आधी बल्ब बदलतात. फरक पडला नाही की बॅटरीवर संशय जातो. ती तशीही तीन वर्षांची झालेली असते, त्यामुळे मालक फारशी हुज्जत घालत नाही. मग ऑल्टरनेटर उघडून कार्बन बदलले जातात. खर्चाचा आकडा गाडीच्या बाजारभावाची आठवण करून देऊ लागला की कुणीतरी हेडलाइटमागचा एक काळवंडलेला स्क्रू सोडवतो, पॉलिश पेपरने घासतो, पुन्हा आवळतो आणि समोरची भिंत लख्ख उजळते. हे नशिबाने घडत नाही. पंधरा-वीस वर्षं वापरलेल्या गाडीत विजेची तक्रार आली तर पहिला संशय पार्टवर घेऊच नये, तो वाटेवर घ्यावा, असं माझं म्हणणं आहे. वीज ज्या वाटेने पार्टपर्यंत जाते आणि ज्या वाटेने परत येते, त्या दोन्ही वाटा म्हातारपणी आधी खचतात. शिवाय त्या मोजता येतात. त्यासाठी काही शे रुपयांचा मल्टिमीटर आणि थोडा धीर पुरतो.

उदाहरणासाठी मारुती ८०० घेऊ. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे त्यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा आता दशक ओलांडून गेलेली आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि त्या तपासणीत दिवे, इंडिकेटर, हॉर्न हे सगळं चालू असावं लागतं. म्हणून हा विषय केवळ हौशी लोकांपुरता नाही. ८०० मधली वीजव्यवस्था साधी आहे, आणि तिच्याबद्दल जे खरं ते पद्मिनी, अँबेसेडर, झेन किंवा सँट्रोबद्दलही थोड्याफार फरकाने खरं आहे.

घरात वीज दोन तारांनी येते-जाते. गाडीत मात्र अधिक टोकाकडून तार निघते आणि परतीचा प्रवास बहुतेक ठिकाणी गाडीच्या पत्र्यातून होतो. यालाच आपण ‘अर्थ’ म्हणतो, आणि त्या शब्दामुळे तो जमिनीशी संबंधित काहीतरी सुरक्षेचा भाग आहे असा गैरसमज होतो. तसं नाही. अर्थ ही अर्धी वाट आहे. ती तुटली तर बल्ब तितकाच मरतो जितका फ्यूज उडाल्यावर. आता विचार करा: ही अर्धी वाट गंजणाऱ्या पत्र्याची आहे, तिच्यात रंगावर आवळलेले स्क्रू आहेत, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एक जाड पट्टी आहे जी तेल, चिखल आणि कंप सोसत आलेली आहे. अधिक बाजूलाही बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत वीज एका सलग तारेतून जात नाही. टर्मिनलचा क्लॅम्प, मुख्य फ्यूज, इग्निशन स्विच, लाइटचा स्विच, डिपर, एकदोन कपलर आणि शेवटी बल्बचं सॉकेट, असे पाच-दहा सांधे वाटेत असतात. पितळी भांड्याची कल्हई गेली की ताक कळकतं, कारण तांब्याचा अंश असलेला धातू ओल आणि आंबट पदार्थ यांच्याशी गप्प बसत नाही. कपलरमधल्या पितळी जिभा अशाच. रत्नागिरी-मालवणकडच्या किंवा गोव्यातल्या गाडीचा कपलर उघडून पाहा, आत हिरवट पूड दिसेल. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पाहता दुसरं काय होणार? पुण्या-नाशिकच्या गाडीत तेच जरा उशिरा होतं इतकंच.

हा हिरवटपणा वीज पूर्ण अडवत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. तो फक्त थोडा अडथळा निर्माण करतो, आणि अडथळ्याची किंमत किती विजेचा प्रवाह जातोय त्यावर ठरते. समजा बॅटरीच्या क्लॅम्पवर एक शतांश ओहमचा अडथळा बसला आहे. केबिनमधला पाच वॅटचा दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही, त्याला या अडथळ्याचा पत्ताही लागत नाही. पण सेल्फ फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, आणि तेवढ्याच अडथळ्यावर एक पूर्ण व्होल्ट जळून जातो. शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता त्या एका सांध्यात तयार होते. म्हणूनच ‘आतला दिवा लागतोय, हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी आणि टर्मिनल ठीक आहेत, सेल्फच गेलाय’ हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा तर्क फसवा आहे. दिवा लागला याचा अर्थ एवढाच की अर्धा अँपिअर जाण्याइतकी वाट शिल्लक आहे.

मल्टिमीटर वापरणारेही नेमके इथेच फसतात. हेडलाइटचा कपलर काढून त्यात मीटरच्या काड्या लावल्या, बारा व्होल्ट दिसले, निष्कर्ष निघाला: वीज येतेय, बल्ब खराब. पण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. चाळीतल्या नळाची गोष्ट आठवा. पाइप आतून गंजून निम्मा बुजलेला असला तरी नळ बंद असताना पाण्याचा दाब पुरा भरतो. नळ उघडला की करंगळीएवढी धार येते. विजेचंही तसंच आहे. काम चालू असतानाच मोजायला हवं: बल्ब सॉकेटमध्ये, लाइट चालू, आणि काड्या कपलरच्या मागच्या बाजूने आत सरकवून. आणखी चांगली पद्धत म्हणजे वाटेत किती व्होल्ट हरवले ते थेट पाहणं. मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा, एक काडी बॅटरीच्या अधिक खुंटावर आणि दुसरी बल्बच्या अधिक टोकाला लावा. वाट निर्मळ असेल तर मीटर जवळपास शून्य दाखवेल. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेने खाल्ले. मग एक काडी बॅटरीच्या उणे खुंटावर आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या टोकाला. इथे एकदशांश-दोनदशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ दोषी. या दोन मोजण्यांत निम्म्या तक्रारींचा निकाल लागतो, आणि एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही. मीटर नसेल तर एक लांब तार घेऊन तिचं एक टोक बॅटरीच्या उणे खुंटाला लावा आणि दुसरं बल्बच्या अर्थला टेकवा. दिवा उजळला तर शोध संपला.

‘एखादा व्होल्ट गेला तर काय मोठंसं?’ असं वाटू शकतं. हेडलाइटच्या फिलामेंटचा प्रकाश व्होल्टच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घसरतो. बल्बपर्यंत दहा टक्के व्होल्ट कमी पोहोचले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मग मालक पंचावन्न वॅटच्या जागी नव्वद किंवा शंभर वॅटचा बल्ब बसवतो. साडेचार अँपिअरच्या जागी साडेसात-आठ अँपिअर त्याच कळकलेल्या वाटेने जाऊ लागतात, व्होल्ट आणखी हरवतात, आणि वीस वर्षं जुना लाइटचा स्विच आतून वितळायला लागतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झगझगाट होतो तो वेगळाच. पंचावन्न वॅटच्या बल्बला पुरे व्होल्ट मिळाले तर तो नव्वद वॅटच्या उपाशी बल्बपेक्षा चांगलं काम करतो. आणि स्विचवरचा भार काढायचा तर बॅटरीपासून जाड तार टाकून मध्ये फ्यूज आणि रिले बसवणं हा सरळ उपाय आहे.

आता क्रमाने बोलायचं तर आधी बॅटरी, कारण तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय बाकी मोजमापांना अर्थ नाही. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी खुंटावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, बाराच्या खाली म्हणजे बसलेली. इंजिन चालू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.४ च्या घरात जायला हवा. तेराच्या आत अडकला तर चार्जिंग होत नाही. पट्टा सैल आहे का ते आधी बघा, आणि इंजिन चालू असताना ऑल्टरनेटरच्या जाड बोल्टपासून बॅटरीच्या अधिक खुंटापर्यंत किती व्होल्ट हरवतात तेही मोजा, कारण ऑल्टरनेटर १४ देतोय आणि बॅटरीला १३ मिळतायत असं चित्र जुन्या गाडीत नवं नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला, आणि मग पाणी उकळून बॅटरी मरते, बल्ब पटापट उडतात. इथे एक बारीक गोष्ट. अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल दिव्यातूनच ऑल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते. तो छोटा बल्ब उडालेला असेल तर ऑल्टरनेटर धडधाकट असूनही चार्जिंग सुरू होत नाही. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो दिवा लागतोय ना एवढं पाहायला खर्च काहीच नाही.

सेल्फची तपासणी जवळून पाहण्यासारखी आहे. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. कार्ब्युरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची अधिक बाजूची बारीक तार काढून ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. जाड वायरच्या वाटेला जाऊ नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. एकाने किल्ली मारायची, दुसऱ्याने मीटर धरायचा, आणि बोटं-बाह्या पंख्यापासून व पट्ट्यापासून लांब ठेवायच्या. आधी बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंटांवर काड्या ठेवा. क्लॅम्पवर नाही, थेट शिशावर. सेल्फ फिरताना आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ आत अडकून बेसुमार ओढतोय. पण आकडा अकराच्या आसपास टिकला आणि तरी सेल्फ रडतरडत फिरतोय, तर बॅटरी निर्दोष सुटली. मग एक काडी अधिक खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल, पुढे नाही. मग उणे खुंट आणि इंजिनचा उघडा धातू. इथे पाव व्होल्टच्या वर गेलं की इंजिनच्या अर्थ पट्टीकडे वळा. शेवटी खुंट आणि त्याच खुंटावरचा क्लॅम्प. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, मध्ये कागदही जाणार नाही, तरी किल्ली मारताच तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसतो तेव्हा माणूस मीटरकडे संशयाने पाहतो. क्लॅम्प काढा. आतल्या बाजूला राखाडी, जवळजवळ काळा थर सापडेल. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून वरची पांढरी भुकटी धुवा, पण बॅटरीच्या भोकांत ते पाणी जाऊ देऊ नका. पॉलिश पेपरने शिसं आणि क्लॅम्प चकचकीत करा, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा. मीटर नसेल तर दहा सेकंद सेल्फ मारून क्लॅम्पना हात लावा. जो गरम लागला तो गुन्हेगार. इंजिनची अर्थ पट्टी तुटलेली असेल तर याहून विचित्र खूण दिसते. शंभर अँपिअर परतीची वाट शोधतात आणि त्यांना ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल सापडते. सेल्फ मारताना ती केबल तापत असेल, तिच्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर केबल बदलून काहीही होणार नाही.

अर्थ बिघडला की वीज आडवाटेने जाते, आणि त्या आडवाटांमुळेच जुन्या गाडीत भुताटकी वाटावी अशी लक्षणं दिसतात. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचा दिवा मंद लागतो. साइड लाइट चालू असताना इंडिकेटर दिला की मागचा संपूर्ण दिवा उघडझाप करतो. मागच्या दिव्यात ब्रेकचं २१ वॅटचं आणि टेल लाइटचं ५ वॅटचं अशी दोन फिलामेंट एकाच बल्बमध्ये असतात आणि दोघांचा अर्थ एकच, बल्बच्या पितळी टोपीतून होल्डरला आणि तिथून बॉडीला. होल्डर गंजला की ब्रेकची वीज टोपीपर्यंत येते, पण पुढे जायला जागा नाही. मग ती शेजारच्या टेल लाइटच्या फिलामेंटमधून उलटी शिरते, टेल लाइटच्या तारेने मागे पुढे पळते, नंबरप्लेटचा दिवा, दुसऱ्या बाजूचा टेल लाइट, डॅशबोर्डचा दिवा यांतून गळत गळत बॉडी गाठते. वाटेत जे जे सापडेल ते थोडं थोडं पेटवते. हे पाहून ‘स्विच शॉर्ट झालाय’ किंवा ‘आतलं वायरिंग एकमेकांत मिसळलंय’ असं निदान होतं आणि डॅशबोर्ड खोलला जातो. खरं तर नियम सोपा आहे: दोन असंबद्ध दिवे एकमेकांशी बोलायला लागले की आधी त्यांचा सामाईक अर्थ तपासा. होल्डरच्या पत्र्यापासून बॉडीच्या घासून साफ केलेल्या जागेवर एक तार तात्पुरती लावली आणि भुताटकी थांबली, तर डॅशबोर्डचे स्क्रू जागच्या जागी राहू द्या.

यावर गॅरेजवाल्यांचा एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, आम्ही पार्ट बदलतो आणि गाडी चालू होते, मग वाटेचं पुराण कशाला? गाडी चालू होते हे खरं आहे. पण पार्ट बदलताना काय काय घडतं ते बघा. जुना कपलर ओढून काढला जातो, नवीन पार्टवर जोर लावून बसवला जातो. त्या घर्षणाने जिभांवरचा थर खरवडला जातो. बोल्ट सोडवून पुन्हा आवळले जातात. बॅटरीचा क्लॅम्प काढून लावला जातो. म्हणजे पार्टच्या निमित्ताने वाटेची अर्धवट साफसफाई होऊन जाते, आणि श्रेय नव्या पार्टला मिळतं. दोन पावसाळ्यांनी तीच तक्रार परत आली की ‘हल्ली पार्टच डुप्लिकेट येतात’ असं म्हटलं जातं. येतातही, ते नाकारत नाही. पण खरी परीक्षा साधी आहे: नवा पार्ट बसल्यावर गाडी सुधारली, की जुनाच पार्ट काढून साफ करून परत बसवल्यावरही सुधारते? ही परीक्षा कुणी घेत नाही, कारण तोवर बिल झालेलं असतं. अनुभवी वायरमनची गोष्ट वेगळी. तो मीटर न लावताही नेमक्या जागी हात घालतो, पण तो हात बहुधा अर्थच्या स्क्रूवर किंवा कपलरवरच पडतो, नव्या पार्टच्या डब्यावर नाही. पार्ट कधीच बिघडत नाहीत असंही माझं म्हणणं नाही. कार्बन झिजतात, रेग्युलेटर जळतात, बल्ब तर उडण्यासाठीच असतात. माझा आग्रह क्रमाचा आहे: वाट निर्दोष ठरल्याशिवाय पार्टला फासावर देऊ नये.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. वाटच खराब आहे ना, मग सगळं वायरिंगच नवीन टाकू, एकदाची कटकट मिटेल. काही गाड्यांत हे खरोखर करावं लागतं. तारेवरचं आवरण इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन वाकवल्याबरोबर तडकत असेल, किंवा आवरण सोलल्यावर तांबं दोन इंच आतपर्यंत काळं निघत असेल, तर तुकड्यातुकड्याची मलमपट्टी व्यर्थ आहे. पण बहुतेक गाड्यांत नवं हार्नेस जोडलं जातं ते त्याच जुन्या स्विचला, त्याच गंजक्या होल्डरला आणि त्याच रंगावर आवळलेल्या अर्थला. परतीची वाट पत्र्यात आहे आणि पत्रा काही नवीन आलेला नाही. त्यात बाहेर बनवलेल्या हार्नेसमध्ये तारांचे रंग आणि जाडी मूळची असेलच असं नाही, म्हणजे पुढच्या वायरमनला पहिल्यापासून अंधारात चाचपडावं लागणार. तारांच्या रंगांवर तसाही फार विश्वास ठेवू नका. चार हात फिरलेल्या गाडीत लाल तारेला मध्येच निळी जोडलेली आणि वर टेप गुंडाळलेला असा सांधा हमखास सापडतो. म्युझिक सिस्टम, फॉग लाइट, जोरकस हॉर्न, मोबाइल चार्जर, सगळ्यांची वीज जिथे तार सापडली तिथून सोलून घेतलेली असते. अशा गाडीत माझा पहिला सल्ला शोधण्याचा नाही, काढण्याचा असतो. नंतर बसवलेलं प्रत्येक उपकरण सोडवून बाजूला ठेवा आणि तक्रार उरते का पाहा.

रात्रीत बॅटरी बसण्याची तक्रार जरा वेगळी, कारण तिथे वीज अडत नाही, गळते. ८०० ची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांच्या आसपास असते. डिकीतला किंवा दाराचा पाच वॅटचा दिवा लागून राहिला तर सुमारे ४०० मिलीअँपिअर गळतात, आणि दोन दिवसांत सेल्फ फिरण्याची ताकद उरत नाही. सगळं बंद करून, दाराचं बटण दाबून धरलेल्या स्थितीत, बॅटरीचा उणे क्लॅम्प काढा आणि क्लॅम्प व खुंट यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून जोडा. असा मीटर जोडलेला असताना सेल्फ किंवा हेडलाइट लावायचे नाहीत, मीटरचा फ्यूज जाईल. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत घड्याळ आणि म्युझिक सिस्टमची स्मृती सोडली तर गळायला काही नाही, आकडा काही मिलीअँपिअरचा असावा. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या गाड्यांत पन्नासपर्यंत चालतं, पण तिथे सगळं झोपी जायला पंधरा-वीस मिनिटं द्या. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला त्या वाटेवर चोर. सगळे फ्यूज काढूनही गळती तशीच राहिली तर फ्यूजच्या आधीच्या दोनच गोष्टी मुख्यतः उरतात, सेल्फ आणि ऑल्टरनेटर. ऑल्टरनेटरचा आतला डायोड फुटला की तो दिवसा चार्ज करतो आणि रात्री पितो. इथे मात्र पार्टच दोषी असतो, आणि मोजून दोषी ठरलेला असतो.

फ्यूज उडण्याबद्दल एक गोष्ट कठोरपणे सांगायला हवी. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणं किंवा दहाच्या जागी तीसचा फ्यूज ठोकणं म्हणजे तारेलाच फ्यूज बनवणं. मग जळते ती तार, आणि ती एकटी जळत नाही, तिच्याबरोबर बांधलेल्या वीस तारा घेऊन जळते. पात्याच्या फ्यूजचा रंग त्याची ताकद सांगतो: दहा लाल, पंधरा निळा, वीस पिवळा, तीस हिरवा. डब्याच्या झाकणावर जो आकडा लिहिलाय तोच बसवा. फ्यूज लावल्याबरोबर उडत असेल तर डझनभर फ्यूज आणून जाळण्यात शहाणपण नाही. फ्यूजच्या दोन खाचांना तारांनी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. वाटेत शॉर्ट असेल तर तो बल्ब पूर्ण तेजाने लागेल, पण प्रवाह दोन अँपिअरच्या पुढे जाणार नाही, म्हणजे काही जळण्याची भीती नाही. आता त्या वाटेवरचे कपलर एकेक करून सोडवा, तारा हलवा. ज्या क्षणी बल्ब मंदावेल किंवा विझेल, त्या जागी शॉर्ट आहे. आधी दाराचा आणि डिकीचा सांधा पाहा, जिथे तारा रोज वाकतात, मग इंजिनकडून केबिनमध्ये तारा येतात ते रबरी भोक, मग कार्पेटखाली. पावसाळ्यात इंजिनच्या ऊबेला येणारे उंदीर सांध्याबिंध्याची पर्वा करत नाहीत, ते मधूनच कुरतडतात. बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर सरळ हार्नेसवर हात फिरवा.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो अधूनमधून येणारा बिघाड. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागते. इथे मोजण्यापेक्षा नोंद कामाची. गरम झाल्यावर होतं की थंड असताना, पावसात की कोरड्यात, खड्ड्यावर की वळणावर, कुठला दिवा चालू असताना? गरम झाल्यावर येणारा दोष इंजिनजवळच्या सांध्याकडे बोट दाखवतो, खड्ड्यावरचा सैल जिभेकडे, ओलसर सकाळचा कळकलेल्या कपलरकडे. मग इंजिन चालू ठेवून तारांचा जुडगा इंचाइंचाने हलवत जायचं आणि लक्षण कधी उमटतं ते पाहायचं.

इंजेक्शनची गाडी असेल तर कुणी म्हणेल, स्कॅनर लावा, कोड येईल, हा सगळा खटाटोप जुना झाला. स्कॅनर जरूर लावा. पण तो कोड सांगतो तो ‘या सेन्सरकडून येणारा आकडा पटत नाही’ एवढाच. सेन्सर मेला आहे असं तो म्हणत नाही. सेन्सरचे व्होल्ट मुळात पाचाच्या आतले, आणि इंजिनचा अर्थ पाव-अर्धा व्होल्ट खात असेल तर त्या पाचातला दखल घेण्याजोगा हिस्सा खोटा होतो. नव्या सेन्सरवरही तोच कोड परत येतो तो यामुळे. इथे मीटरच वापरा. बल्बचा टेस्ट लॅम्प कॉम्प्युटरच्या तारांना लावू नका, तो नाजूक सर्किटमधून नको इतका प्रवाह ओढतो. आणि पिवळ्या आवरणाचे कपलर बहुधा एअरबॅगचे असतात. तिथे मीटरसुद्धा नको, ते काम त्या कामातल्या माणसाचं.

हे सगळं मालकाने स्वतः करावं का, हा प्रश्न रास्त आहे. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये आलेली अंगठी किंवा बांगडी क्षणात लालबुंद होते. त्या आधी काढून ठेवा. बॅटरी सोडवताना उणे आधी, जोडताना उणे शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ काडी-सिगारेट नको. पेट्रोलचा वास येत असेल तर वायरिंगला हात लावायचाच नाही, आधी ती गळती. एवढं सांभाळून मोजमाप कुणीही करू शकतो. दुरुस्ती जमत नसेल तर ती वायरमनवर सोपवा, पण ‘सेल्फ बघा’ असं सांगून नाही. ‘सेल्फ मारताना बॅटरीवर अकरा व्होल्ट राहतात आणि इंजिन ते उणे खुंट यांत पाऊण व्होल्ट जातो’ असं सांगा. दहा मिनिटांत तो वाकून इंजिनखालची पट्टी सोडवेल, घासेल, चांदणीच्या वॉशरसह आवळेल. आणि हाच हात मेअखेरीस, पाऊस पडायच्या आधी, हेडलाइटमागच्या दोन स्क्रूंवर, मागच्या दोन होल्डरवर, बॅटरीच्या क्लॅम्पवर आणि त्या पट्टीवर फिरवून घेतला तर सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम आहे.